‘पाय सोडू नको, मी धरलाय!’

हरिहर गडाच्या पायऱ्यांचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेलच. उभ्या कातळात खोदलेला जिना, त्यावर मुंग्यांसारखी माणसं आणि मागे नुसती दरी. मीही तो बघून ‘बापरे!’ म्हटलं होतं आणि लगेच आठ-दहा जणींना पाठवून दिला होता. त्याच जिन्याच्या मधोमध एक दिवस मी एका हातावर आणि एका गुडघ्यावर अडकून राहीन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

झालं ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. पण खरं सांगायचं तर त्याची सुरुवात गडावर झालीच नाही. ती झाली आदल्या संध्याकाळी, येवल्यात आमच्या घरी, पाण्याच्या माठापाशी.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वय तेव्हा ४२. दोन मुलं, मिस्टर, सासूबाई, सकाळची डब्यांची घाई... सगळं तुमच्यासारखंच. शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि आम्ही पाचजणी रोज पहाटे नगरसूल रस्त्याला फिरायला लागलो. मी, माझी धाकटी जाऊ, पार्लरवाली ताई, मुलीच्या शाळेतल्या बाई आणि मेडिकलवाल्यांची सून. सहा महिने नेमानं चाललं की माणसाला वाटायला लागतं, आता आपण काहीही करू शकतो! जावेचा भाचा आणि त्याचे मित्र अधूनमधून ट्रेक काढायचे. “हरिहर सोपा आहे मावशी, दोन तासांत वर,” असं तो म्हणाला आणि आम्ही पाचहीजणींनी नावं दिली. मिस्टरांनी एवढंच विचारलं, “परत कधी येणार?” सासूबाईंनी विचारलं, “रविवारच्या स्वयंपाकाचं काय?” म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरून चालले.

त्या शनिवारी कोजागिरी होती आणि नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण. सासूबाई वेध पाळतात, त्यामुळे मसाला दूध, गच्चीवरचा कार्यक्रम सगळं रद्द. रात्री एकनंतर ग्रहण लागलं आणि अडीचच्या आत सुटलंही. अंघोळ करून देवापुढे दिवा लावला तोवर तीन वाजले होते. जीप कोपऱ्यावर येऊन हॉर्न देत होती. सासूबाई म्हणाल्या, “आता ग्रहण सुटलं, घोटभर पाणी पिऊन जा.” मी तांब्या तोंडाला लावल्यासारखा केला आणि तसाच ठेवून दिला.

नाव ग्रहणाचं झालं. कारण वेगळंच होतं, आणि मैत्रिणींनो, ते तुम्हाला फोड करून सांगायची गरज नाही. प्रवासाला निघायचं म्हटलं की आपण आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतो. लग्नाला जायचंय, तोडा पाणी. एस.टी.नं पुण्याला जायचंय, तोडा पाणी. मुलीला परीक्षेच्या सेंटरवर घेऊन जायचंय, तिलाही सांगा, ‘जास्त पिऊ नकोस गं.’ हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. पण मी ते माझ्या लेकीला शिकवलं, हे मात्र चांगलं आठवतं. ऑफिसातही मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एकदाच जाते. कारण तिथलं एकुलतं एक संडास-बाथरूम स्ट्राँगरूमच्या मागे आहे आणि तिथे जायचं तर सगळ्या पुरुष मंडळींच्या टेबलांमधून जावं लागतं. वीस वर्षांत इतकी सवय झालीय की त्याचं काही वाटेनासंच झालं होतं.

जीपमध्ये आम्ही पाचजणी आणि सात पोरं-पुरुष. नाशिकच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर डिझेल भरायला थांबलो, साडेचार वाजले असतील. पुरुष मंडळी खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला अंधारात पांगली. बायकांच्या संडासाला कुलूप. पंपावरचा पोरगा म्हणाला, “किल्ली मॅनेजरकडे असते, तो आठला येईल.” आम्ही पाचहीजणी एकमेकींकडे बघून हसलो. “राहू दे, आम्हाला नाहीच लागली,” असं पार्लरवाली ताई म्हणाली. आम्हाला सगळ्यांनाच नव्हती लागली! त्र्यंबकेश्वरला चहा झाला. मी अर्धा कप टाकून दिला. तिथून निरगुडपाड्यापर्यंत मी खिडकीतून उजाडताना बघत होते. ब्रह्मगिरी डावीकडे की उजवीकडे यावरून पोरांचा वाद चालला होता. फार छान वाटत होतं, हे खोटं नाही.

सात वाजता निरगुडपाड्यातून चालायला सुरुवात केली. आधी भातखाचरं, कापणीला आलेली. मग झाडीतली चढण, आणि मग उघडी सोंड. सावली संपली ती संपलीच. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते आपल्याला माहीत आहे, सकाळी नऊलाच डोक्यात जातं. भाचा पुढून ओरडायचा, “सगळ्यांनी पाणी पीत राहा हं!” मी म्हणायची, “हो हो, पितेय.” बाटलीचं झाकण उघडायची, ओठ ओले करायची आणि झाकण लावायची. कारण डोळ्यांनी मी एकच गोष्ट मोजत होते. झुडूप कुठे आहे, किती दाट आहे आणि त्याच्या आजूबाजूला माणसं किती आहेत. रविवार होता. कुठल्याही झुडपाच्या शंभर फुटांत कुणी नाही, असं एकदाही झालं नाही.

सोंडेवरून समोर हरिहर दिसला तेव्हा सगळेच गप्प झाले. खालून चौकोनी दिसणारा हा डोंगर प्रत्यक्षात त्रिकोणी, तिन्ही बाजूंनी तासलेला. त्याच्याच एका कड्याला स्कॉटिश कडा म्हणतात. १९८६ साली डग स्कॉट नावाचा प्रसिद्ध ब्रिटिश गिर्यारोहक तो सरळ कडा चढून गेला, म्हणून. आम्हाला अर्थात पायऱ्यांनी जायचं होतं. त्या पायऱ्यांचं खरं कौतुक काय ते जवळ गेल्यावर कळतं. एका वेळी एक माणूस जाईल एवढी रुंदी, उभा चढ जवळजवळ ८० अंशांचा, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हाताची बोटं रुतवायला खोबण्या. शेकडो वर्षं लोकांनी धरून धरून त्या खोबण्या आतून गुळगुळीत झाल्यात. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा गडांचे रस्ते, पायऱ्या सुरुंगानं उडवून द्यायचा त्यांचा शिरस्ता होता. इथे मात्र त्या पायऱ्या शाबूत राहिल्या. कॅप्टन ब्रिग्ज हा जिना बघून थक्क झाला होता, असं भाचा सांगत होता. मला तेव्हा ब्रिग्जशी काही देणंघेणं नव्हतं. मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणत होते.

आणि गंमत बघा, चढताना काहीच झालं नाही! समोर दगड, वर पुढच्या माणसाचे बूट, हाताला खोबणी. मागे बघायचंच नाही. साधारण नव्वद पायऱ्या चढून दरवाजा आला, मग कातळाच्या पोटातून कोरलेली वाट, तिथे कमरेत वाकून चालावं लागतं, मग पुन्हा तशाच उभ्या पायऱ्या. वरच्या चिंचोळ्या दारातून बाहेर पडले तेव्हा मला माझंच इतकं कौतुक वाटलं की काय सांगू! मारुतीचं दर्शन घेतलं. तळं बघितलं. दगडी कोठाराच्या खिडकीएवढ्या दारातून आत डोकावलो. पलीकडे वैतरणेचं पाणी चमकत होतं. जाऊबाईंनी माझा फोटो काढला तो अजून माझ्या मोबाइलवर आहे. त्यात मी हसतेय, आणि ओठ पांढरे पडलेत. तो फोटो आता बघितला की ते पांढरे ओठच आधी दिसतात.

वर तासभर बसलो. ठेपले, लोणचं, चिवडा, सगळं खारट. वर दोन घोट पाणी. लिटरची बाटली अजून पाऊण भरलेली होती. डोकं ठणकत होतं, मला वाटलं जागरण झालंय. हाताच्या बोटांत मधूनच मुंग्या यायच्या, मला वाटलं खोबण्या धरून आल्या असतील. उठले तेव्हा डोळ्यांपुढे क्षणभर काळं झालं, मला वाटलं ऊन लागलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं. नसलं तरी मी बोलले नसते. सात पुरुषांसमोर ‘मला कसंतरी होतंय’ म्हणायचं? ‘बायकांना आणलं की असंच होतं’ हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. खरं सांगते, त्यांतलं कुणीही तसं म्हणालं नसतं. चांगली मुलं होती. पण ते वाक्य मी घरूनच डोक्यात घेऊन आले होते.

उतरायला लागलो ते साडेअकराला. उतरताना शिडी उतरतो तसं तोंड दगडाकडे आणि पाठ दरीकडे करायची. म्हणजे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, चाचपून ठेवायचा. शिवाय चढताना श्वास लागतो तो थांबलं की बसतो. उतरताना मांड्या आणि पोटऱ्या सगळं वजन पेलत असतात, त्या थांबून बसत नाहीत. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझा उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागलाय. एव्हाना जिन्यावर जत्रा भरली होती. वरून उतरणारे, खालून चढणारे, एकाच चिंचोळ्या जिन्यावर. कुणी वरून ओरडतंय ‘चला चला’, कुणी खालून ‘थांबा थांबा’. भाचा सगळ्यांत पुढे, माझ्यापासून वीस-पंचवीस पायऱ्या खाली. माझ्या वर जाऊबाई.

मधे पोचले असेन. डावा पाय खालच्या पायरीसाठी सोडला आणि पोटरीत गोळा आला. साधा नाही हो, बाळंतपणानंतर असं काही दुखलं नव्हतं. पाय आपोआप आखडला, पायरीवर टेकेचना. मी उजव्या पायावर सगळा भार घेतला आणि तोच थडथडत होता. घामानं डावा हात खोबणीतून सुटला. मी घसरले. किती? एक पायरी. एवढंच अंतर! पण पाठीमागे काही नसताना एक पायरी घसरणं म्हणजे काय ते शब्दांत सांगता येत नाही. उजवा गुडघा पायरीच्या कडेवर आपटला आणि तिथेच अडकला. उजव्या हाताची बोटं खोबणीत. बाकी माझं सगळं शरीर हवेत, असं मला वाटलं. डोळ्यांपुढे काळं. आणि त्या काळ्यात मला काय दिसलं असेल? मुलं नाही, देव नाही. गॅसवर झाकून ठेवलेलं दूध. सकाळी फ्रीजमध्ये ठेवायचं राहिलं होतं.

तेवढ्यात माझ्या डाव्या टाचेला कुणीतरी खालून घट्ट धरलं आणि पायरीवर दाबून बसवलं.

“पाय सोडू नको, मी धरलाय,” खालून बाईचा आवाज आला. “तोंड दगडाला लाव. खाली बघू नको. दुसरा हात घाल भोकात. घातला? आता बस्स. काय करू नको.”

मी दगडाला गाल लावून उभी राहिले. दगड तापलेला होता. वरून कुणी तरुण पोरगा ओरडला, “ओ काकू, लाइन अडलीय!” त्याला जाऊबाई अशा काही बोलल्या की पुढचा अर्धा तास कुणाचा आवाज आला नाही. आमच्या घरात ती सगळ्यांत गरीब समजली जाते.

मला धरणारी बाई मला दिसलीच नव्हती. ती वरच्या टपरीसाठी ताकाचा कॅन घेऊन चढत होती, दर रविवारी तीन-चार खेपा करायची, असं नंतर कळलं. कॅन तिनं मागच्या माणसाच्या हातात दिला होता. एका हातानं खोबणी धरून दुसऱ्या हातानं तिनं माझी टाच धरली होती. म्हणजे मी सुटले असते तर आधी तिच्या अंगावर आणि मग तिच्यासकट खालच्या सगळ्या रांगेवर गेले असते. हे तिला कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. तिनं माझ्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला, नडगीकडे ओढून धरला आणि पोटरीवर मुठीनं चोळत राहिली. गोळा हळूहळू सुटला. मग एकेक पायरी. ती माझा पाय धरून खालच्या पायरीवर ठेवायची आणि म्हणायची, “हां, टाक वजन.” मी टाकायची. चाळीसेक पायऱ्या आम्ही अशा उतरलो. लहान मूल चालायला शिकतं तशी.

खाली पठारावर तिची बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाची टपरी होती. मला सावलीत आडवं केलं. भाच्याचा चेहरा पांढराफटक. पार्लरवाली ताई रडत होती. बाईनं मात्र शांतपणे लिंबू पिळलं, साखर घातली, मीठ घातलं आणि गिलास माझ्या हातात दिला. “सावकाश पी, घटाघटा नको.” दोन गिलास झाल्यावर ती माझ्या कानापाशी वाकली आणि हळूच म्हणाली,

“बाई, सकाळधरनं लघवीला गेली का?”

मी मान हलवली. नाही.

“कधीपासून नाही?”

पहाटे अडीच. बारा वाजून गेले होते.

ती एकदम चिडलीच. “तुम्ही शहरातल्या बाया! डोंगरावर येता आन पाणी पीत नाही. दर सालाला एखादी अशी चक्कर येऊन पडती माझ्याकडं. अगं, डोंगराला कसली लाज?” मग तिनं जाऊबाईंची ओढणी मागून घेतली, मला हाताला धरून टपरीमागे करवंदीच्या जाळीपलीकडे नेलं आणि ओढणी ताणून पाठ करून उभी राहिली. लघवी थोडीशीच झाली आणि इतकी गडद की मी घाबरले. ते इथे लिहावं की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला. लिहायचंच ठरवलं.

निघताना मी पर्समधून पाचशेची नोट काढली. तिनं बोटांवर हिशेब केला. “चार गिलास. ऐंशी रुपये. सुट्टे दे.” सुट्टे जाऊबाईंनी दिले. नमस्कार करायला वाकले तर तिनं मला धरून सरळ केलं. “वाकू नको आता, परत चक्कर येईल,” असं म्हणाली आणि मागच्या माणसाकडून आपला कॅन घ्यायला निघून गेली. ताक वर पोचायचं राहिलं होतं ना.

दोन दिवसांनी जळजळ सुरू झाली, ताप भरला. आमच्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासली, तर इन्फेक्शन. झालेलं सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोटरीत गोळा यायला एकच कारण नसतं. स्नायू दमलेला असतो, त्याला तेवढी सवय नसते, त्यात अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलेलं. पण डोळ्यांपुढे काळं येणं, डोकं ठणकणं, हे पाणी कमी पडल्याचंच. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचं एकूण प्रमाणही कमी होतं, मग उठल्या उठल्या मेंदूकडे क्षणभर रक्त कमी पोचतं. उभ्या कड्यावर तो एक क्षण पुरतो. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होत असेल तर ठीक, गर्द पिवळी झाली की समजायचं, पाणी कमी पडतंय. आणि तुंबवून ठेवायची सवय असेल तर जंतूंना आयतंच फावतं. “तुला गडावर जे झालं ते एका दिवसाचं नाही,” असंही त्या म्हणाल्या. “ऑफिसात वीस वर्षं हेच करतेयस ना?”

त्यांनीच सांगितलेलं आणखी एक. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं घरी करता येतं. चमचे शिगोशीग नकोत. जास्त मीठ झालं तर उलट त्रास. माझी शुगर काठावरची, म्हणून मला त्यांनी हे उठसूट न पिता साधं पाणीच वेळच्या वेळी प्यायला सांगितलं. चढताना दर अर्ध्या तासानं, तहान लागायची वाट न बघता.

घरी मी काही सांगणार नव्हते. गुडघा जिन्यावर आपटला, एवढंच सांगितलं, तेही खोटं नव्हतं. पण जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही. मिस्टर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मला का नाही सांगितलंस? पंपावर मी असतो तर कुलूप तोडलं असतं.” मी म्हटलं, गेल्या वर्षी पंढरपूरला जाताना तुम्ही होतात की बरोबर, चार तास मी गाडीत तशीच बसून होते, विचारलंत का? ते काही बोलले नाहीत. रागानं नाही, त्यांना आठवतच नव्हतं. आठवणार तरी कसं!

सासूबाईंचं मात्र मला नवल वाटलं. मला वाटलं होतं, ‘कशाला जायचं नको तिथे’ म्हणतील. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “आमच्या वेळी घरात संडास कुठे? पहाटे चारला सगळ्याजणी ओढ्याकडे जायचो, की मग एकदम रात्री अंधार पडल्यावर. दिवसभर शेतात. उन्हाळ्यात तहान लागली तरी गूळ तोंडात धरायचा, पाणी नाही. माझ्या नणंदेला त्यानंच मूतखडा झाला असणार.” मग थोड्या वेळानं, “तुला मी त्या रात्री पाणी पी म्हटलं होतं,” एवढंच. नंतर कधीही तो विषय त्यांनी काढला नाही. पण आता मी कुठेही निघाले की तांब्या घेऊन दारात उभ्या राहतात आणि मी तो रिकामा करीपर्यंत हलत नाहीत.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची बायकांची चळवळ चालू आहे, हे मी पूर्वी पेपरात वाचलं होतं. तेव्हा नाव वाचून मी पान उलटलं होतं, मुलं शेजारी बसली होती म्हणून. एव्हरेस्टवर गेलेल्या बायकांच्या मुलाखतीही मी आवडीनं वाचते. बचेंद्री पाल १९८४ साली वर पोचल्या तेव्हा मी तीन वर्षांची होते, त्यांचं नाव शाळेत पाठ केलं होतं. पण मी वाचलेल्या एकाही मुलाखतीत, ‘बाई, तिथे लघवीचं काय करत होतात?’ असं कुणी विचारलेलं आठवत नाही. मला आता सगळ्यांत आधी तेच विचारावंसं वाटतं.

ऑफिसात अजून काही बदललेलं नाही. मी बदलले, म्हणजे टेबलांमधून ताठ मानेनं दिवसातून चारदा जाते. पहिले पंधरा दिवस लोक बघायचे. आता बघत नाहीत. संडासाची जागा हलवा, असा अर्ज दिलाय, तो मीटिंगमध्ये ‘पुढील विचारार्थ’ आहे. भाच्यानं बिचाऱ्यानं मनापासून माफी मागितली. म्हणाला, “मावशी, मी सगळं विचारतो, बी.पी. आहे का, दमा आहे का. हे कधी विचारायचं सुचलंच नाही.” आता ट्रेकच्या आदल्या दिवशी तो जो मेसेज टाकतो, त्यात गाडी कुठे कुठे थांबणार ते लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक ट्रेकला शेवटी चालणारी एक बाईमाणूस असते. बहुतेक वेळा पार्लरवाली ताई.

मी पुन्हा जाईन की नाही, याबद्दल घरात कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. जिना चढताना उतरताना अजून कधी कधी टाचेला कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही अंजनेरीला निघालो. सोपा गड, पायऱ्या बांधलेल्या, त्र्यंबकच्या रस्त्यालाच. पहाटे पाचला नाशिकच्या अलीकडे तोच पंप आला. मी ड्रायव्हरला म्हटलं, “थांबवा.”

पंपावर तोच पोरगा. संडासाला तेच कुलूप.

“किल्ली मॅनेजरकडे आहे, आठला येतील.”

“फोन लाव त्यांना,” मी म्हटलं. “पंपावर गिऱ्हाईकासाठी संडास उघडा ठेवावा लागतो. आम्ही दोन हजारांचं डिझेल भरतोय.”

तो घुटमळला. मागे जीपमधून एकेकजणी उतरायला लागली. जाऊबाई, शाळेतल्या बाई, मेडिकलवाल्यांची सून, पार्लरवाली ताई आणि या वेळी बरोबर आणलेली माझी लेक. आम्ही सहाजणी त्या कुलपासमोर ओळीनं उभ्या राहिलो. थंडी मरणाची होती. लेकीच्या हातात पाण्याची बाटली होती, अर्धी झालेली.

पोरानं फोन लावला. मॅनेजर झोपेतून उठला, काहीतरी पुटपुटला. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच होती.